अठरा नंबरचा पाना

इनास कुलासो गिटारच्या तारांवरून जो फिरवतो
तो अठरा नंबरचा सॉकेट पाना आहे.
दुकानात त्यासाठी काचेची नळी मिळते म्हणे, परदेशी.
इनासच्या करंगळीत हाच बसला.
याच पान्याने चौदा वर्षं गिअरबॉक्स उघडले,
मग खाण बंद झाली
आणि हाताला रिकामं राहायची सवय नव्हती.

मी वायरी सांभाळतो.
पोस्टरवर मी नाही.
पण कुडचड्याहून निघताना टेम्पोत शेवटी मीच चढतो,
आणि एखादा जॅक मागे राहिला तर शिव्या मलाच.

बँडचं नाव 'रिव्हर्स गिअर'.
पुंडलिक वेळीपाने ठेवलं, तो ड्रमवर.
पोरपणी घुमट वाजवायचा, घोरपडीच्या कातड्याचं
(त्याबद्दल आता बोलायचं नाही).
ताल मोजताना एक-दोन-तीन-चार म्हणत नाही,
म्हणतो, पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप, घाट.
घाट आला की सगळे सूर चढवतात.

बास सांतानकडे. बार्जवरचा खलाशी.
चार तारा अशा धरतो
जसा दोर धरावा, धक्का लागेपर्यंत.
बोलत नाही. बोलला तर भरतीची वेळ सांगतो.

डिसेंबरात बेताळभाटीच्या रिसॉर्टात बोलावलं.
मॅनेजर म्हणाला, कंट्री बँड ना? मग हे घाला,
आणि खोक्यातून टोप्या काढल्या, रुंद काठाच्या,
आत किमतीची चिठ्ठी तशीच.
मोजण्यात चूक होऊन एक मलाही मिळाली.

घोड्यांची गाणी झाली. लांबच्या रेल्वेची झाली.
आमच्यातलं कुणी घोड्यावर बसलेलं नाही.
पुंडलिक एकदा म्हशीवर बसला होता,
ते त्याच्या पाठीला अजून आठवतं.
पाहुणे जेवत होते. काटे-चमचे आमच्यापेक्षा तालात.

मग इनासने टोपी काढून अ‍ॅम्पवर ठेवली
आणि स्वतःचं गाणं घेतलं.
गाण्यात फारसं काही नाही. एक टिपर आहे,
सत्तेचाळीस एकोणीस,
गॅरेजच्या मागे उभा,
हौद्यात दुधीचा वेल.
कडवं संपलं की नंबर पुन्हा म्हणायचा, एवढंच.

तिसऱ्यांदा नंबर आला तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं.
अ‍ॅप्रन घातलेला माणूस, कोपरापर्यंत फेस.
मी ओळखलं नाही. पुंडलिकाने ओळखलं.
नागेश, त्याच गाडीवरचा क्लीनर,
जो मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे' करायचा
आणि कडा जवळ आला की पत्र्यावर दोन थापा मारायचा.

त्याने दाराच्या पत्र्यावर
दोन थापा मारल्या.

आणि बँड थांबला.
ठरवून नाही. पाय आपोआप ब्रेकवर जातो तसा,
सांतानची तारसुद्धा मध्येच मिटली.
पाहुण्यांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.
नागेश घाबरला. हात अ‍ॅप्रनला पुसायला लागला,
ओठ हलत होते, चुकून, सवयीने, असं काहीतरी.

इनास माइकमध्येच म्हणाला,
"कितली जागा आसा रे फाटल्यान?"
किती जागा आहे मागे?

नागेशने मागे वळून पाहिलं.
मागे भांड्यांचा ढीग, बेसिन, मॅनेजर.
"मस्त आसा," म्हणाला. "येऊ दे."
आणि एक थाप मारली.

नंतर किती वेळ वाजवलं मला सांगता येणार नाही,
मी एका प्लगवर पाय दाबून उभा होतो,
तो ढिला होता.

पाकिटातून सहाशे कापले. एक टोपी कमी भरली म्हणून.
ती माझ्याकडे राहिली होती, खरंच विसरून.
परत द्यायला जायचं तर बसचं भाडं आणि दिवस.
आता ती गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगली आहे.
परवा कोंबडी आत बसली होती, उठवून पाहिलं तर
सात अंडी.
नागेशला चार पाठवली.